डेटाबेस डेव्हलपर व्हायचंय, पैसे नक्की कशावर घालू? नाशिककरांनो सांगा

अंबडची_क्वेरी

नमस्कार मंडळी. मी सिडकोत राहते, अंबड एमआयडीसीत एका कंपनीच्या आयटी विभागात तीन वर्षं झाली. काम म्हणजे ईआरपीचा, कंपनीचा सगळा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, सपोर्ट. युजरचा फोन आला की रिपोर्ट काढून द्यायचा, स्टोअरवाल्यांनी चुकीची एन्ट्री मारली की बॅकएंडला जाऊन ती दुरुस्त करायची, महिनाअखेरीला सगळ्यांच्या शिव्या ऐकायच्या. एसक्यूएलमधलं सिलेक्ट, जॉइन, ग्रुप बाय जमतं, ओरॅकल डेटाबेसमधल्या जुन्या प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले प्रोग्राम) वाचून कळतात पण कोऱ्या पानावरून स्वतः लिही म्हटलं की हात थांबतो.

आता सपोर्टमधून बाहेर पडून नीट डेटाबेस डेव्हलपर व्हायचंय. कॉलेज रोडवरच्या एका क्लासने चार महिन्यांचे ३८ हजार सांगितले, त्यात 'लाइफटाइम मेंबरशिप', नोट्स, रेकॉर्डिंग आणि प्लेसमेंटला मदत असं सगळं आहे म्हणे. ऑफिसमधला एक जण म्हणतो ऑनलाइन वर्षाचं सबस्क्रिप्शन घे, दुसरा म्हणतो एसीएमची, म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांच्या जागतिक संघटनेची, मेंबर हो, तिसरा म्हणतो सर्टिफिकेशनची परीक्षा दे. घरी होम लोनचा हप्ता चालू आहे त्यामुळे एकदाच आणि विचार करून खर्च करायचाय. फुकटात काय काय चांगलं मिळतं आणि कुठल्या मेंबरशिपचा तुम्हाला खरंच उपयोग झाला, हे स्वतःच्या अनुभवाने सांगा प्लीज.

सातपूर_शिफ्ट

ताई, क्लासला एकदम फुली मारू नका, मी २०१९ ला असाच क्लास लावला होता आणि मला फायदा झाला. माझी शिफ्ट असायची, घरी आलो की झोप, स्वतःहून बसणं होतच नव्हतं. सकाळी साडेसहाची बॅच होती, सर दारात उभे असायचे आणि रोज फळ्यावर एक क्वेरी, ती सुटल्याशिवाय चहा नाही. ती शिस्त मला फुकटच्या व्हिडिओने कधी लावली नसती.

पण ती लाइफटाइम मेंबरशिप मात्र लॉकडाउनमध्ये गेली. क्लासने जागा सोडली, पोर्टल बंद, माझं लॉगिन बंद, रेकॉर्डिंग गेली. फोन केला तर उचलत नाहीत. म्हणून फी भरायच्या आधी विचारा की नोट्स डाउनलोड करून मिळतात का, शिकवणारा माणूस सध्या कुठल्या प्रोजेक्टवर काम करतो की फक्त शिकवतोच, आणि मधेच सोडलं तर पैसे परत किती. आणि मागच्या बॅचच्या दोघातिघांचे नंबर मागा. देत नसतील तर समजून घ्या.

गोदाकाठ

३८ हजार? एवढ्यात चांगला सेकंडहँड लॅपटॉप येईल हो. पोस्टग्रेस हा फुकटचा डेटाबेस टाका, डॉक्युमेंटेशन उघडा, सुरू करा. पोस्टग्रेसचं डॉक्युमेंटेशन पूर्ण फुकट आहे आणि सुरुवातीलाच ट्युटोरियलचा भाग आहे. सरावाला पीजी एक्सरसाइजेस नावाची साइट आहे, एका क्लबचा डेटा घेऊन सोप्यापासून अवघड प्रश्न, उत्तर तिथल्या तिथे तपासून मिळतं. मी नाशिकरोडहून मुंबईला पंचवटी एक्सप्रेसने अपडाउन करायचो तेव्हा गाडीत रोज दोन सोडवायचो.

टेबलस्पेस

जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न माझ्याकडे दर सहा महिन्यांनी कोणी ना कोणी घेऊन येतं. ओरॅकलवर १८ वर्षं झाली, आधी पतसंस्थांचं फॉक्सप्रोमधलं सॉफ्टवेअर बघायचो.

पहिली गोष्ट, खिशात हात घालायच्या आधी कंपनीने तुमच्यासाठी आधीच काय विकत घेतलंय ते शोधा. तुमची ईआरपी ओरॅकलवर आहे म्हणजे बहुतेक कंपनीचा सपोर्ट करार असणार. त्या करारावर माय ओरॅकल सपोर्टचं लॉगिन मिळतं, पॅच आणि अडचणींवरचे अंतर्गत लेख तिथेच असतात, बाहेरच्या माणसाला ते दिसत नाहीत. डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला सांगा, कंपनीच्या सपोर्ट आयडीला माझं नाव जोडा, निदान वाचण्यापुरतं. मायक्रोसॉफ्टवाल्यांचंही तसंच, व्हिज्युअल स्टुडिओचं सबस्क्रिप्शन कंपनीने घेतलेलं असतं, त्यात दर महिन्याला अझूरचं, म्हणजे त्यांच्या क्लाउडचं, क्रेडिट असतं, प्रोफेशनलला ५० डॉलर आणि एंटरप्राइजला १५०, आणि पोरांनी ते कधी चालूच केलेलं नसतं. मी एका ठिकाणी पाहिलं, अकरा सबस्क्रिप्शन होती आणि क्रेडिट वापरणारा एक. पैसे भरलेले, फायदा पडून.

दुसरं, ओरॅकलचं मोफत खातं काढा. त्यावर लाइव्ह एसक्यूएल ब्राउझरमध्ये चालतं, काही इन्स्टॉल नको. ओरॅकलच्याच डेव्ह जिमवर एसक्यूएल आणि पीएल-एसक्यूएलच्या (ओरॅकलची प्रोसिजर लिहायची भाषा) क्विझ आहेत, त्या करा, चुकाल आणि ते बरंच आहे, चुकीच्या उत्तराखाली कारण दिलेलं असतं. आणि आस्क टॉम, ओरॅकलची प्रश्नोत्तरांची साइट. ते २००० सालापासून चालू आहे, टॉम काइटने सुरू केलं, आता दुसरी माणसं उत्तरं देतात. तिथे प्रश्न विचारायचा असेल तर टेबल तयार करायची स्क्रिप्ट आणि थोडा डेटा सोबत द्यावा लागतो. ही अट लोकांना जाच वाटते, मला विचाराल तर अर्धं शिक्षण त्या अटीतच आहे. अडचण छोट्या टेबलात बसवता बसवता निम्म्या वेळा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं.

घरी सरावाला ओरॅकलची फ्री आवृत्ती टाका. १२ जीबी डेटा, २ जीबी रॅम, २ थ्रेड एवढीच मर्यादा, शिकायला भरपूर झालं.

आता एक प्रसंग सांगतो म्हणजे मी शिकणं कशाला म्हणतो ते कळेल. एका क्लायंटसाठी जिल्ह्याचा फॉर्म केला होता, तालुक्याचं नाव मराठीत साठवायचं. कॉलम व्हारचार२ म्हणजे मजकुराचा, लांबी ३०. टेस्टिंगला आम्ही सिन्नर टाकलं, निफाड टाकलं, दिंडोरी टाकलं, सगळं ओके. लाइव्ह गेलो, दुसऱ्या दिवशी फोन, एंट्री होत नाही, ओआरए-१२८९९, व्हॅल्यू कॉलमपेक्षा मोठी. कुठला तालुका? त्र्यंबकेश्वर. मी म्हटलं अहो हे तर एवढंसं नाव, तीसच्या पुढे कसं जाईल. मग कागदावर मोजलं. त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार, ब, क, मात्रा, श, हलन्त, व, र. झाले १३. आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते, म्हणजे ३९. ओरॅकल मूळ सेटिंगला ३० म्हणजे ३० बाइट धरतं, अक्षरं नाही. जिल्ह्याच्या १५ तालुक्यांपैकी चौदा त्यात बसतात आणि एकटा त्र्यंबकेश्वर बसत नाही, आणि आमच्या टेस्टिंगला नेमका तोच नव्हता. कॉलम ३० कॅर, म्हणजे ३० अक्षरं, असा बदलला आणि मिटलं.

हे कुठल्या क्लासच्या सिलॅबसमध्ये नव्हतं पण डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं, मी तो चॅप्टर ओलांडून गेलो होतो. तेव्हापासून लेंग्थ (अक्षरं मोजतं) आणि लेंग्थबी (बाइट मोजतं) दोन्ही चालवून बघायची सवय लागली.

दुसरी_इनिंग

@टेबलस्पेस सर खूप छान सांगितलंत, मी वहीत उतरवून घेतलं. मी पण यात विचारू का? माझा लग्न आणि मुलांमुळे सात वर्षांचा गॅप झालाय, आधी व्हीबी आणि एसक्यूएल सर्व्हर करायचे. घरचा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा आहे आणि तो दुपारी मुलाला लागतो. क्लाउडवर फुकट मिळतं म्हणतात पण कार्ड मागतात, त्याची भीती वाटते, न सांगता पैसे कापले तर?

टेबलस्पेस

जरूर विचारा ताई. ४ जीबीवर ओरॅकल टाकू नका, रडत चालेल. लाइव्ह एसक्यूएल ब्राउझरमधलं आहे. नाहीतर अपेक्स या ओरॅकलच्या ॲप बनवायच्या साधनाचं मोफत वर्कस्पेस घ्या, त्याला कार्ड लागत नाही, डेटाबेस आणि त्यावर स्क्रीन दोन्ही करता येतात. ओरॅकल क्लाउडच्या कायम मोफत योजनेत दोन ऑटोनॉमस (स्वतःची देखभाल स्वतः करणारे) डेटाबेस मिळतात, पण ओळख पटवायला कार्ड मागतात. आणि ७ दिवस हात लावला नाही तर तो डेटाबेस आपोआप थांबतो, तसाच फार दिवस पडून राहिला तर काढून टाकतात, त्यामुळे स्क्रिप्ट आपल्याकडे जपा.

तुम्ही एसक्यूएल सर्व्हर केलंय तर तिकडेच परत या. २०१६ पासून डेव्हलपर एडिशन फुकट आहे, एंटरप्राइजची सगळी फीचर्स, फक्त प्रत्यक्ष धंद्याच्या कामाला वापरायची नाही. त्याला थोडी बरी मशीन लागेल. तोवर एसक्यूलाइट. सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये, पेन ड्राइव्हवर घेऊन फिरा.

प्रॅक्टिकल_बॅच

मी इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात डीबीएमएस म्हणजे डेटाबेसचा विषय शिकवते. मूळ प्रश्नात एसीएमचं विचारलंय म्हणून थोडं.

रिलेशनल मॉडेल म्हणजे डेटा टेबलांत मांडायची कल्पना, त्यावरचा कॉड या संशोधकाचा मूळ पेपर १९७० चा, एसीएमच्या मासिकातला. तो वाचायला मेंबर व्हायची गरज नाही, एसीएमने १९५१ ते २००० पर्यंतचं सगळं २०२२ मध्ये मोफत खुलं केलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिली चार पानं वाचायला लावते. सुरुवातीलाच तो सांगतो की डेटा मशीनमध्ये कसा मांडलाय हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरज पडू नये. पंचावन्न वर्षांपूर्वीचं वाक्य, आजही रोज त्यावरच भांडणं होतात. मेंबरशिप घ्यायचीच असेल तर विद्यार्थ्यांचा दर बराच कमी असतो, शिकत असतानाच घ्यावी, आणि सोबत मिळणाऱ्या कोर्सच्या सवलती बदलत राहतात म्हणून ज्या दिवशी पैसे भराल त्या दिवशीची यादी बघा, कोणाच्या दोन वर्षांपूर्वीच्या सांगण्यावर जाऊ नका.

तुमच्यासाठी मात्र मी एनपीटीईएल, आयआयटींचे ऑनलाइन कोर्स, सुचवेन. आयआयटी खरगपूरचा डीबीएमएसचा आठ आठवड्यांचा कोर्स आहे, शिकणं फुकट, परीक्षेला १००० रुपये. दर आठवड्याला असाइनमेंट आणि तिला तारीख असते. सातपूर_शिफ्ट यांनी जी शिस्त म्हटली ती त्या तारखेमुळे लागते. आणखी खोलात जायचं असेल तर कार्नेगी मेलनचे अँडी पावलो यांची लेक्चर्स यूट्यूबवर आहेत, डेटाबेस आतून कसा चालतो, पान डिस्कवरून कसं येतं, लॉक कसं लागतं. ते दुसऱ्या वर्षी बघा, आत्ता नको.

कोणी कॉलेजात असाल तर विचारा की कॉलेज ओरॅकल अकॅडमीचं सदस्य आहे का. संस्थेला सदस्यत्व मोफत असतं, अभ्याससाहित्य मिळतं. पुष्कळ ठिकाणी सदस्यत्व घेतलेलं असतं आणि ते एका सरांच्या लॉगिनपुरतं राहतं, मुलांनी मागितलं तरच बाहेर येतं. मागा.

निफाडकर

मी पिंपळगाव बसवंतचा, द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये डेटा सांभाळतो, आमचं पोस्टग्रेस आहे. युरोपला माल जातो त्यामुळे ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी साइटवर प्लॉटची नोंदणी, कुठल्या बागेचा माल कुठल्या पेटीत हे सगळं जुळवावं लागतं, एक प्लॉट नंबर चुकला की पूर्ण कन्साइनमेंट अडकते. म्हणून फॉरेन की (एका टेबलातला नंबर दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे हा नियम) म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज पडली नाही.

माझं म्हणणं एकच, सराव परक्या डेटावर करू नका. कर्मचारी आणि विभाग या दोन टेबलांवर मी सहा महिने घालवले आणि काही डोक्यात बसलं नाही कारण उत्तर चूक आलं तरी मला कळत नव्हतं. मग कांद्याचे भाव घेतले. ॲगमार्कनेट या सरकारी साइटवर बाजार समित्यांची रोजची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव असतात. लासलगावचे दोन वर्षांचे उतरवा आणि टेबलात भरा. यात उत्तर चूक आलं की लगेच कळतं, कारण भाव माहीत असतात, घरात त्यावर बोलणं झालेलं असतं.

पहिला प्रश्न स्वतःला घाला, कालच्यापेक्षा आज भाव किती चढला. मागचा आकडा आणून देणारं लॅग फंक्शन वापरा. मग बघा काय होतं ते आणि इथे येऊन लिहा, मी आत्ता सांगत नाही.

आणि टेबलस्पेस सर, आमच्या गावाचं नाव मोजलं आत्ता. मधल्या जागेसकट ४० बाइट भरतं.

गोदाकाठ

निफाडकर भाऊंचं पटलं. त्यात भर, गावांची नावं क्रमाने लावून बघा. साध्या बाइटच्या क्रमाने लावली तर कळवण आधी येतं आणि कसबे सुकेणे नंतर, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या यादीत, ळ हा व आणि स च्या आधी बसवलाय, आपल्या बाराखडीत मात्र ळ ह च्या नंतर. पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून आयसीयूची कोलेशन (भाषेप्रमाणे क्रम लावायचे नियम) आहेत, मराठीचं लावून फरक बघा. ग्राहकाला यादी मराठी क्रमाने हवी असते आणि आपण "सॉर्ट तर केलंय" म्हणून वाद घालत बसतो.

सातपूर_शिफ्ट

सर्टिफिकेशनचं कोणी बोललंच नाही. नाशिकमध्ये नोकरी बदलताना एचआर पहिला कागदच बघते हो. माझ्या वेळी त्यामुळे मुलाखतीपर्यंत पोचलो.

टेबलस्पेस

खरं आहे, पोचायला उपयोग होतो. मी मुलाखती घेतो, आत आल्यावर मी एकच करतो, लॅपटॉप पुढे सरकवतो आणि सांगतो की ही क्वेरी अडीच मिनिटं घेते, बघ. त्या क्वेरीत तारखेच्या कॉलमला ट्रंक (वेळ काढून फक्त तारीख ठेवणारं फंक्शन) लावलेलं असतं म्हणून कॉलमवरचा साधा इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, कामाला येत नाही. सर्टिफिकेट असलेले निम्मे लोक थेट दुसरा इंडेक्स टाकू म्हणतात, डेटाबेस ती क्वेरी कशी चालवतो त्याचा प्लॅन उघडूनच बघत नाहीत. जो आधी एक्स्प्लेन प्लॅन मागतो त्याचं उत्तर चुकलं तरी मी त्याला घेतो. यासाठी वाचायचं असेल तर मार्कुस विनांड यांचं इंडेक्सवरचं पुस्तक वेबवर पूर्ण मोफत आहे, यूझ द इंडेक्स ल्यूक नावाने, ओरॅकल, पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर सगळ्यांची उदाहरणं आहेत.

आणि एक सावधगिरी, क्वेरी ट्यूनिंग शिकताना कंपनीच्या सर्व्हरवर एडब्ल्यूआर हा ओरॅकलच्या कामगिरीचा रिपोर्ट काढत बसू नका, त्याला डायग्नोस्टिक्स पॅकचं वेगळं लायसन्स लागतं, काढता येतो म्हणजे काढायची परवानगी आहे असं नाही. डीबीएला विचारा. लायसन्स नसेल तर त्याऐवजी स्टॅट्सपॅक आहे.

ग्रुपच्या मेंबरशिपबद्दल पण सांगतो. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांची पास नावाची जगभरची संघटना होती, सदस्यत्व फुकट, गावोगावी चॅप्टर. २०२१ च्या जानेवारीत ती बंद झाली. मला वाईट वाटलं होतं कारण पहिलं भाषण मी तिच्याच एका कार्यक्रमात ऐकलं. पण तिथे ओळख झालेली चार माणसं आजही रात्री अकराला फोन उचलतात.

अंबडची_क्वेरी

मंडळी, साडेतीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल सॉरी, महिनाअखेर होती.

डीबीएंना विचारलं. ते म्हणाले सपोर्ट करार आहे, आजवर मागितलं कोणीच नव्हतं. दोन दिवसांत वाचण्यापुरतं लॉगिन मिळालं. ज्या ईआरपी एररसाठी आम्ही दर तिमाहीला हाताने डेटा दुरुस्त करतो ना, त्यावर तिथे चक्क लेख आहे, पॅच नंबरासकट. तो मी साहेबांना प्रिंट काढून दिला.

क्लास नाही लावला. एनपीटीईएलची परीक्षा भरली, १००० रुपये. घरी पोस्टग्रेस टाकलं आणि निफाडकर दादांनी सांगितल्याप्रमाणे लासलगावचा डेटा भरला. लॅग लावलं, आकडे आले, खूश झाले. मग बाबांना दाखवलं, ते मूळचे चांदवडचे, त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले ही तर सोमवारची आहे, रविवारी लिलाव असतो का? कालचा भाव कुठून आणलास? तेव्हा माझ्या लक्षात आलं की लॅगने कालचा दिवस घेतलाच नाही, वरची ओळ घेतली, ती शनिवारची होती. आणि अमावस्येला लिलाव बंद ठेवायची जुनी पद्धत, दिवाळीची सुट्टी, तिथे तर चार-पाच दिवस मागची ओळ येते. हेच बघायला सांगत होतात ना दादा?

निफाडकर

हेच. बाबांना नमस्कार सांगा.

आता पुढचं. जनरेट सिरीजने रोजच्या तारखांचं कॅलेंडर तयार करा, त्याला भावाचं टेबल लेफ्ट जॉइन करा. मग बंद दिवशी नल, म्हणजे रिकामी जागा, दिसेल. तो नल तसाच ठेवायचा की मागचा भाव पुढे ओढायचा, हे कॉम्प्युटर सांगणार नाही, व्यापाऱ्याला विचारावं लागेल. शेतकऱ्याला बंद दिवशी भावच नसतो, त्याच्यासाठी नल बरोबर. सरासरी काढणाऱ्याचं गणित वेगळं. मी दोन्हीचे वेगवेगळे व्ह्यू (साठवून ठेवलेल्या क्वेरी) केलेत.

दुसरी_इनिंग

मी लाइव्ह एसक्यूएलवर रोज पाऊण तास बसतेय, मुलगा क्लासला गेला की. डेव्ह जिमच्या क्विझ आधी दहात तीन बरोबर यायच्या, आता सहा येतात. लॅगचं वाचून मी पण करून बघितलं. अंबडची_क्वेरी ताई, तुम्ही सिडकोत ना, मी इंदिरानगरला. कधी एकत्र बसूया का?

अंबडची_क्वेरी

नक्की ताई! शनिवारी मला हाफ डे असतो. तीन वाजता माझ्याकडेच या, लॅपटॉप नका आणू, माझ्या मशीनवर दोघी बसू. मी कॅलेंडरचं टेबल तेवढं तयार करून ठेवते.

टेबलस्पेस सर, एक राहिलं. कंपनीत सप्लायर मास्टरचा शहराचा कॉलम बघितला, २५ आहे, बाइटमध्ये. आत्ता सगळी नावं इंग्रजीत आहेत म्हणून चालतंय, पण पुढच्या वर्षीपासून मराठीत बिल छापायचं ठरतंय. साहेबांना मेल लिहिलाय, कुठली नावं बसणार नाहीत त्याची यादी जोडून. यादीत पहिलं नाव त्र्यंबकेश्वर, दुसरं पिंपळगाव बसवंत.